अहो, उचला!

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोटीला राइस मिलमध्ये उभा होतो. तिच्यासाठीच. नवा इंद्रायणी निघाला की दहा किलो नाशिकला तिच्या घरी पोचवायचा, हे धाकट्या भावाचं ठरलेलं काम. भाऊजी फोनवर एवढंच म्हणाले, "अरे विजय, ही उठतच नाहीये... डॉक्टर येऊन गेले." फोन ठेवला आणि मी मिलवाल्याला सांगितलं, "ताईचे दहा किलो वेगळे बांधा हं." असं का बोललो, अजून कळत नाही. तेव्हापासून बऱ्याच गोष्टी कळेनाशा झाल्या आहेत.

तिचं ते रेकॉर्डवेड त्यातलंच. नव्वदच्या दशकात सगळं नाशिक रेकॉर्डप्लेअर भंगारात घालून कॅसेटी आणत होतं, तेव्हा हिने वडिलांचा प्लेअर सासरी नेला. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीने ऐकवलेला अमेरिकेतला कुणी गिटारवाला तिच्या मनात बसला होता. आवाज असा, की कुणीतरी त्याला झोपेतून उठवून माइकसमोर बसवलंय. तिकडेही त्याला मोजकेच लोक ओळखत. तो तरुणपणीच गेला, आणि गेल्यावर त्याच्या जुन्या रेकॉर्डी नव्याने पेट्यांत भरून निघू लागल्या. जाड पुठ्ठ्याची पेटी, आत रेकॉर्डी, फोटोंचं पुस्तक आणि सगळ्यात शेवटी, आधी कधीच न आलेलं एखादं गाणं. ताईचा दीर तिकडे नोकरीला. दिवाळीला आला की बाकीच्यांना चॉकलेटं आणि वहिनीला पेटी. बॅगेत स्वतःचे कपडे मावत नाहीत म्हणून कुरकुरायचा, पण आणायचा.

"अगं, पुन्हा तीच गाणी?" मी चिडवायचो.

"तू रोज तोच वरणभात खातोस ना? मग!"

रविवारी बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लागायची आणि ताई आत ओट्यापाशी. पेटीतल्या शेवटच्या गाण्याची पाळी आली की आतून हाक यायची, "अहो, उचला!" भाऊजी त्या गाण्यांना रडगाणी म्हणायचे, पण पेपर बाजूला ठेवून सुई उचलायला कधी चुकले नाहीत. कुठल्याच पेटीतलं शेवटचं गाणं त्या घरात वाजलं नाही. का, म्हणून एकदा विचारलं तर ताईने तांदळाचा डबा उघडून दाखवला. "हा कधी पुरता रिकामा करतो का आपण? मूठभर ठेवतोच ना?" आमच्याकडे तांदूळ 'संपले' म्हणायचं नाही, 'वाढले' म्हणायचं. कुणी चुकून बोललंच तर ताई लगेच, "असं बोलू नये!" पण गाणं ऐकल्याने थोडंच संपतं? तसं म्हटलं तर म्हणाली, "तुला काय माहीत?" कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारी बाई ही. श्रद्धा होती, थट्टा होती, की त्या गेलेल्या माणसाचं काहीतरी शिल्लक राहावं असं वाटायचं तिला... मला खरंच कळलेलं नाही. विचारायचं राहून गेलं, याचा फार त्रास होतो.

घोटीचे ते तांदूळ घेऊन मी परवा गेलो. डब्यात तळाला तिने ठेवलेले मूठभर होते, भाऊजींनी त्यांवरच नवे ओतले. मग म्हणाले, "अमेरिकेतला भाऊ म्हणतोय, पेट्या परत पाठव, तिकडे हौशी लोक आहेत. माझं काही ठरत नाहीये. आधी एकदा ते शेवटचं ऐकू या. एवढं काय राखून ठेवलं होतं हिने, कळू तरी दे."

गेल्या दिवाळीची पेटी काढली. शेवटच्या आधीचं गाणं थांबलं, नुसती खरखर राहिली. भाऊजी सवयीने उठले, हात प्लेअरकडे आणि तोंड स्वयंपाकघराकडे. हाकेची वाट बघत तसेच उभे राहिले. मीही कान देऊन बसलो होतो. हाक आली नाही, आणि गाणं सुरू झालं.

कसं होतं, ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो. पुढे केव्हातरी आवाज थांबला आणि रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली.

"भाऊजी, संपलं," मी म्हणालो.

बोललो आणि जीभ चावली. दोघांनीही ओट्याकडे पाहिलं. आतून कुणीच रागावलं नाही.