पोत्याला मानवलेली सीट

बायकोच्या कण्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला बजावलं, बाकी काही झालं तरी चालेल, पाठीला धक्का बसता कामा नये. तिला मात्र राजूरला जायचं होतं. तिथे तिचे वडील. कोळशाच्या खाणीत जन्म गेलेला माणूस, छातीचा पार भाता झालेला, आज आहे तर उद्या नाही अशी गत. फोनवर ते "बरी हायस ना माय?" एवढंच विचारत आणि ठेवून देत.

"एकदा डोळ्यानं पाहू द्या मले बाबाले," ती रोज म्हणायची. आणि आमच्या पांढरकवड्याहून राजूरचा रस्ता, विशेषतः वणीपुढे कोळशाच्या ट्रकांनी खाल्लेला, ज्यानं पाहिलाय त्याला मी काय सांगू?

मी तहसीलातला कारकून, पण नाद रेसच्या गाड्यांचा. त्यातही इंजिनाचा नाही, सस्पेन्शनचा. म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये बसून जे धक्के खातं, त्याचा. काय काय डोकी लावलीत बाप्पा लोकांनी! गाडी जमिनीपासून अमुक उंच पाहिजे असा नियम आला, तर एकानं अशी गाडी केली की मोजायला उभी राहिली की ताठ आणि पळायला लागली की खाली बसलेली. दुसऱ्यानं गाडीच्या नाकात स्प्रिंगवर एक वजन बसवलं. उसळी त्या वजनानं खायची, गाडी शांत. आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे दोन सांगाड्यांची. बाहेरचा कडक, वाऱ्याचा दाब झेलणारा. आतला, ड्रायव्हरचा, वेगळ्या नरम स्प्रिंगांवर. बिचारी शर्यतीत उतरलीच नाही. शेवटी या तिन्ही करामतींवर बंदी आली.

"बंदी आलेल्याच गाड्या काहून वाचता तुमी?" बायको पडल्या पडल्या विचारायची.

पण गाडीला वेगळी स्प्रिंग आणि माणसाला वेगळी, हे माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. हायवेवरच्या गॅरेजात आमची जुनी व्हॅन नेली. मागची सीट काढून जाड फळी टाकली, फळीखाली भंगारातल्या मोपेडच्या शॉकअपच्या चार स्प्रिंगा. शॉकअप गळत होते, म्हणून आतले तेलाचे दांडे काढून फेकले. मिस्त्रीही माझ्याइतकाच पेटला होता. घरात सासुरवाडीला द्यायचं तुरीचं पोतं होतं, तेच सीटवर बांधलं, त्याच्या डोक्यावर ताकाचा गडवा ठेवला आणि खड्ड्याखड्ड्यातून गावाला फेरी मारली. थेंब सांडला नाही! मिस्त्रीनं मला मिठी मारली.

निघायच्या दिवशी पोतं पुढे माझ्याशेजारी, बायको मागे पट्ट्यात. मारेगावही आलं नव्हतं, तर मागून किंकाळी आली.

"थांबवा! जीव घेता काय माहा?"

एक खड्डा, आणि ती पाच-सहा वेळा वरखाली. धक्का नव्हता, पण उसळी थांबतच नव्हती. थांबवणारे दांडे मीच फेकले होते ना! पोत्यात तुरीचे दाणे एकमेकांवर घसरून उसळी गिळत होते. बायकोच्या अंगात दाणे थोडेच आहेत? रस्त्याच्या कडेला मी असा चिडलो, स्वतःवर, कंत्राटदारावर, सगळ्या जगावर.

"आता परत चला म्हणू नका," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी पोतं उचललं आणि तिच्या बाजूला, त्याच सीटवर घट्ट बांधलं. सीट खाली दबली आणि गप्प झाली. पोत्याला टेकून ती राजूरला पोचली.

पण घराला उंच पायऱ्या, आणि चढायची तिला मनाई. ते माझ्या डोक्यातच नव्हतं. ती गाडीत, बाप घरात. मेहुण्यानं तुरीचं पोतं उतरवून घेतलं, तेवढ्यात दारात सासरे दिसले. कित्येक महिन्यांत उंबरठा न ओलांडलेला माणूस, भिंत धरत, धापा टाकत खाली आला आणि पोत्याच्या जागी बसला. तिनं त्यांचा हात धरला, बस.

जरा वेळानं ते म्हणाले, "जावईबापू, चालवा ना थोडी."

पहिल्या गिअरवर खाणीच्या फाटकापर्यंत गेलो, वळलो. मागून आवाज नाही. आरशात पाहिलं, तर ऑपरेशनपासून गोळीशिवाय न झोपलेली माझी बायको बापाच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली?

घर आलं. मेहुणा चहा घेऊन दारात उभा होता. मी ब्रेकवर पाय ठेवला, तर आरशात सासऱ्यांनी मान हलवली: नको.

मी मेहुण्याला हात दाखवला आणि घरावरून पुढे निघून गेलो.