मयताच्या ग्रुपवरचा प्रचार

म्हसावदमध्ये मयताचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी काढला. शाळेतून निवृत्त झालो होतो, वेळ जाता जात नव्हता, आणि पूर्वीसारखं घरोघर सांगत फिरायला माणूस मिळत नव्हता. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, दशक्रिया कधी, एवढंच त्यावर टाकायचं. कुणी चुकून ‘शुभ सकाळ’ टाकली तरी मी झापायचो. सगळ्या गल्ल्या, सगळ्या जाती, सगळ्या पक्षांचे लोक त्यात होते. माझा गादीवाला मित्रही होता. मुसलमान मोहल्ल्यात त्याचं कापूस पिंजायचं दुकान. आम्ही पहिलीपासून एका बाकावरचे. गावात कुणाचीही अंत्ययात्रा असो, हा माणूस मशीन बंद करून स्मशानापर्यंत येणारच.

विधानसभेच्या वेळी माझा मावसभाऊ शहाद्याहून आला. एका पक्षाचा मोबाइलवरचा प्रचार तो सांभाळायचा. कुठल्या बूथवर किती ग्रुप हाताशी आहेत, हे त्याला रोज वर कळवावं लागे. चहा पिता पिता त्याने आतली गोष्ट सांगितली. लग्नाचे, क्रिकेटचे, भजनी मंडळाचे ग्रुप लोक म्यूट करून टाकतात. मयताचा ग्रुप कुणी म्यूट करत नाही. त्यावर आलेला प्रत्येक मेसेज माणूस उघडतोच. असा ग्रुप अख्ख्या तालुक्यात कुणाकडे नाही, असंही तो म्हणाला. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी माझी गत. निवडणुकीपुरतं म्हणून मी त्याला अॅडमिन करून टाकलं.

आधी श्रद्धांजल्या सुरू झाल्या. गावात कुणी गेलं की पाच मिनिटांत उमेदवाराच्या नावाने सुबक कार्ड हजर, आणि त्यावर मेलेल्यापेक्षा उमेदवाराचा फोटो मोठा. लोक हसले, मीही हसलो. मग एके दिवशी व्हिडिओ आला. कुठल्या तरी लांबच्या शहरातली मारामारी, खाली लिहिलेलं की ही आपल्याच तालुक्यातली, आणि ‘यांच्यापासून’ सावध राहा. खोटं आहे हे मला कळत होतं, जन्मभर मास्तरकी केली होती. एक बोट लावून तो पुसता आला असता. पण मावसभावाला वाईट वाटेल, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हणून मी तो राहू दिला. मला त्याची आजही लाज वाटते.

दुपारी दिसलं, मित्र ग्रुपमधून बाहेर पडला होता. फोन करावासा वाटला, पण बोलणार काय? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मतदान होऊन गेलं.

त्याच हिवाळ्यात माझी आई गेली. मित्रही तिला मायच म्हणायचा. शाळेत असताना त्याचं दुपारचं जेवण कितीदा तरी आमच्याच घरी व्हायचं. मी ग्रुपवर बातमी टाकली आणि सगळ्यांना कळवल्यासारखा मोकळा झालो. सारं गाव आलं, तो आला नाही. खांदा देतानाही माझी नजर गर्दीत त्यालाच शोधत होती. निवडणुकीचा राग हा माझ्या आईवर काढतो काय, असा संताप माझ्या मनात आला.

तिसऱ्या दिवशी तो दारावर आला. सतरंजीच्या कडेला बसला आणि बराच वेळ डोळे पुसत राहिला. माय गेल्याचं त्याला त्याच सकाळी एका गिऱ्हाइकाकडून कळलं होतं; ग्रुपवर वाचलंच असेल म्हणून आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

“मी ग्रुपमा नही शे,” तो म्हणाला. “एक फोन करना व्हता.”

मला वर बघवेना. तो व्हिडिओ खोटा होता आणि मला ते ठाऊक होतं, असं मी कसंबसं कबूल केलं. ठाऊक असूनही राहू दिला, हेही सांगितलं.

“माले बी माहीत व्हतं,” तो शांतपणे म्हणाला. “पन मन्ही पोरनी माले इचारं, अब्बा, मयतना ग्रुपवर कोनी खोटं टाकस का?”

त्या ग्रुपवर तोवर आलेला प्रत्येक निरोप खरा होता. त्यावर दुसरं काही येऊ नये म्हणून मीच लोकांना झापत आलो होतो. म्हणजे गावातल्या घराघराने तो व्हिडिओ माझ्या शब्दावर खरा मानला होता. पोरीला त्याने काय उत्तर दिलं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.