मानवजातीचे सीटीओ साहेब

आमचे सीटीओ साहेब भेटले की 'कसा आहेस' असं कधी विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "मास्तर, तुझे कॉम्प्युटर रिकामे असतात का रे?" माझ्या आईच्या दहाव्यालासुद्धा त्यांनी हेच विचारलं होतं. समोरच्याचं काय चाललंय, याचं त्यांना सोयरसुतक नसायचं.

साहेब मूळचे करमाळ्याचे. सोलापुरात पॉलिटेक्निकला आम्ही एका बाकावर होतो. तीन वर्षं माझी जर्नलं उतरवली आणि पुण्याला जाऊन मोठे झाले. कसे झाले तेही सांगतो. कंपनी बुडायला लागली की उंदरांच्या आधी साहेब बाहेर, आणि दर उडीला हुद्दा एक पायरी वर! शेवटी चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर झाले. त्या दिवसापासून आम्हा दोस्तांनाही 'साहेब' म्हणावं लागलं. नुसत्या नावानं हाक मारली तर त्यांना ऐकूच यायचं नाही.

मोठ्या माणसाला छंदही मोठा हवा. जगभरातले लोक आपले रिकामे कॉम्प्युटर शास्त्रज्ञांच्या कामाला लावतात. एक अवाढव्य गणित तुकडे करून वाटायचं आणि ज्यानं त्यानं आपल्या घरी आपला तुकडा सोडवायचा. नवी औषधं शोधायला त्याचा उपयोग होतो. काम चांगलंच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण साहेबांना औषधाशी काय देणंघेणं? सोडवलेल्या तुकड्यांचे गुण मिळतात, गुणांची जागतिक यादी लागते, आणि त्या यादीत साहेबांची टीम वर चढायला हवी होती. "आपण मानवजातीला देतोय, मास्तर," म्हणायचे. देत होते दुसऱ्यांचे कॉम्प्युटर. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

माझा टायपिंगचा क्लास आहे, दहा कॉम्प्युटरचा. साहेबांनी स्वतः येऊन दहाही कॉम्प्युटरमध्ये ते सॉफ्टवेअर घातलं. "कोणी कामाला बसलं की हे आपोआप थांबतं," म्हणाले. मीही हुरळलो, खोटं कशाला बोलू? चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर आमचा जिना चढून आला होता.

तेव्हा क्लासला पद्माताई यायच्या. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर शिलाई मारायची आणि तशाच दुखऱ्या पाठीनं इथं तासभर बसायचं. क्लार्कच्या जागेचा फॉर्म भरायला टायपिंगचं सर्टिफिकेट लागत होतं, आणि पुढच्या भरतीत त्यांचं वय बसणार नव्हतं. "सर, एवढं जमलं की कारखाना सुटला बगा," म्हणायच्या. त्यांची बोटं अशी चालायची की मी बघत राहायचो.

परीक्षेचं केंद्र माझ्याच क्लासात आलं. क्लास ज्याचा, त्याला त्या वेळी आत थांबू देत नाहीत. मी जिन्यात उभा. पद्माताई बाहेर आल्या त्या रडवेल्या होऊन. "सर, माझं वाक्य टाइप करून व्हायचं, आन् अक्षरं मागनं यायची. लई मागनं. उतारा निम्माच झाला की." आत जाऊन बघतो तर दहाही मशीनचे पंखे घोंघावतायत, आणि सॉफ्टवेअरची सेटिंग साहेबांनी पुण्यात बसून बदललेली. कोणी कामाला बसलं तरी गणित थांबवायचं नाही! निकालात बाकीचे रडतखडत पास झाले. पद्माताईंचं मशीन सगळ्यात जुनं. त्या नापास झाल्या.

मी साहेबांना फोन लावला. ते हसले. "अरे, यादीतली खालची टीम अगदी टेकली होती आम्हाला. त्या बाईंना म्हणावं, पुढच्या वेळी बसा." पुढची वेळ नाहीये, हे मी तीनदा सांगितलं. "मास्तर, तू फार छोटा विचार करतोस," म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्याच दिवशी दहाही मशीनमधून ते सॉफ्टवेअर काढलं. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

आठवड्यानं त्यांच्याकडून कुरिअर आलं. आत चौकटीत बसवलेलं प्रशस्तिपत्र, मानवजातीसाठी बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल. पद्माताई गुणपत्रक न्यायला आल्या तेव्हा ते टेबलावरच पडलं होतं. त्यांची अक्षरं मागनं का आली, ते मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी दोनदा वाचलं.

"सर, वेळ तर माझा गेला की," त्या म्हणाल्या. "मग ह्यावर नाव तुमचं कसं?"

साहेबांना घालायच्या शिव्या माझ्या तोंडात तयार होत्या. पण कागदावर नाव खरंच माझं होतं.