पाचव्या दिवशी सोडलेलं पारायण

महाराजांच्या पोथीचं सात दिवसांचं पारायण चालू असताना मी दुसरं पुस्तक वाचत होते, हे आधीच कबूल करते. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मुलुंडला आमच्याकडे फिरत्या वाचनालयाचे काका पिशवी घेऊन यायचे. "वहिनी, तुमची कादंबरी कुणीतरी नेलीय. हे भाषांतर ठेवा, एका परदेशी बाईची आत्मकथा आहे," म्हणाले. मी नाक मुरडूनच घेतलं. घरच्यांच्या विश्वासातल्या माणसाने कोवळ्या वयात तिला कसं जाळ्यात ओढलं, छळलं आणि ती कशी सुटली, ते तिने लिहिलं होतं. त्याने आधी तिच्या आईला जिंकलं. मग मुलीला म्हणाला, हे आपल्या दोघांतच राहू दे. ते वाक्य मी दोनदा वाचलं, पण का ते कळेना.

माझी मुलगी तेव्हा चौदाची. आमच्या भजनी मंडळातले अण्णा तिला पेटी शिकवत. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. त्यांनी तिला एक मंत्र दिला होता, आईलाही सांगायचा नाही, सांगितला तर पाप लागेल असा. ती गप्प राहू लागली, जेवेना, तर मी शेजारणींना कौतुकाने सांगे, पोरीला नामाची गोडी लागलीय! किती मूर्ख होते मी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी अध्याय वाचताना पुस्तकातलं ते 'आपल्या दोघांतच राहू दे' समोर उभं राहिलं. मुलगी त्या वेळी अण्णांकडेच होती. अध्याय अर्धवट टाकून उठायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नव्हता. "महाराज, पाप लागलं तर मला लागू दे," म्हटलं, पोथी उघडीच ठेवली आणि अनवाणी धावले.

अण्णांच्या दाराशी पोचले तर आत पेटीचा आवाज नव्हता. मी बेल दाबली आणि मग पेटी वाजू लागली. अण्णांनी हसत दार उघडलं. "वहिनी, आज पारायण ना तुमचं?" मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "चल गं घरी," एवढंच मुलीला म्हटलं.

जिन्यात तिने माझा हात घट्ट धरला.

"आई, तू पोथी अर्धी सोडून आलीस?"

"हो."

"मग मी पण सांगू? पाप नाही ना लागणार?"

"नाही गं बाळा. सांग."

तिथेच पायरीवर बसून ती रडत रडत बोलली. ती पुन्हा तिकडे गेली नाही. मंडळाने अण्णांची बाजू घेतली, आम्हालाच वाळीत टाकलं, ते सोसलं.

शरण जाणं म्हणजे नियम पाळणं, असं मी समजत होते. ते पारायण अपुरंच राहिलं. महाराजांची हाक त्या पुस्तकातून, काकांच्या पिशवीतून आली, ऐकू मात्र पोथीपुढे बसल्यावर आली. मी फक्त उठले. उठवणारे महाराजच.