मॅनेजरांचा आवाज

आमच्या मॅनेजरांना बोलता येतच नसे, फक्त ओरडता येई. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारचा जर्मन दार उघडून बघे. तरुणपणी ते आयर्लंडातले नामांकित हर्लिंगपटू. टोकाशी चपट्या अशा लाकडी काठीनं चामडी चेंडू हाणायचा, जमल्यास समोरच्याची नडगीही, असा तो खेळ. गावात म्हणे त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्यांच्या दोन दातांचा पत्ता अजून लागलेला नाही. पुढे मॅनेजर होऊन त्यांनी गावाला अजिंक्यपद मिळवून दिलं, आणि म्हातारपणी मुलीची बाळं सांभाळायला जर्मनीत, आमच्या र्युसेल्सहाइमला आले. बाळं पाळणाघरात जाऊ लागल्यावर या गृहस्थांनी इथल्या मोटारींच्या कारखान्यातल्या आम्हा बैठ्या इंजिनिअरांचा संघ बांधला. मला गोलकीपर केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू रुंद आहेस." मी चेंडूकडे बघतच नसे. "डावीकडे!" अशी गर्जना झाली की डावीकडे झेप घ्यायची, एवढंच माझं हर्लिंग. हरणं मात्र त्यांना सोसत नसे. नातवाशी सापशिडीत हरले तरी त्या दिवशी जेवत नसत.

पण मैदानाला लागून लोकांच्या बागा होत्या, आणि रविवारी तिथे पान पडल्याचा आवाजही खपत नाही. तक्रारी गेल्या. नगरपालिकेचं पत्र आलं, आणखी एक तक्रार आली तर मैदान बंद. दुसरं मैदान आम्हाला कोण देणार? मॅनेजरांनी मुलीकडून ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि त्या दिवसापासून कुजबुजू लागले. मध्यंतरात आम्ही सगळे धटिंगण त्यांच्या तोंडाशी कान लावून उभे, आणि ते दबक्या आवाजात आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं आमचा जर्मन कप्तान तितक्याच हळू म्हणे.

हंगामाचा शेवटचा सामना हॅनोव्हरच्या संघाशी होता. जिंकलो तर करंडक आमचा. शेवटच्या मिनिटाला बरोबरी, आणि चेंडू माझ्या दिशेनं आला. मी सवयीनं गर्जनेची वाट पाहिली. मॅनेजरांनी स्वतःची टोपी तोंडात कोंबली होती, डोळे बाहेर आले होते आणि दोन्ही हात डावीकडे नाचत होते. ते मला दिसले तेव्हा चेंडू डावीकडून आत गेला होता.

"ओरडला का नाहीत?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

त्यांनी टोपी झटकली. "करंडक पुढच्या वर्षी आणू," ते कुजबुजले, "मैदान राहिलं तर."

त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मुलीनं नंतर सांगितलं.

आता ते आयर्लंडात आपल्या गावी परतलेत, तिथल्या पोरांना शिकवतात. रविवारी सामना संपला की त्यांचा फोन येतो. "मैदान आहे ना?" हे आधी, मग स्कोअर. परवा मी म्हटलं, "तिकडे आता खुशाल ओरडत असाल."

"नाही रे, आता जमतच नाही. इथली पोरं म्हणतात, म्हातारा थकला."

फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं. पुढच्या सुट्टीत त्यांच्या गावी जाणार आहे. त्या पोरांना सांगायचंय की म्हातारा थकलेला नाही, आपला आवाज खर्चून त्यानं आम्हाला मैदान राखून दिलंय.