निषेधअण्णा आणि लॉबीतला पाय

अण्णा वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायचे आणि वाचताना त्यांच्या हातात लाल पेन असायचं. खेळाची बातमी पटली नाही की तिच्या कडेला ठसठशीत अक्षरात ‘निषेध’ लिहायचे. बातमी पटली असं मी तीन वर्षांत एकदाही पाहिलं नाही. उतरताना पेपर कंपनीच्या बसच्या सीटवर ठेवून द्यायचे, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या लोकांनाही देशात काय अन्याय चाललाय ते कळावं. सगळी कंपनी त्यांना निषेधअण्णाच म्हणायची.

मी रावेतला बसमध्ये बसायचो, ते कुरुळीला चढायचे. कुरुळी ते चाकणची आमची कंपनी म्हणजे पंधरा मिनिटं, पण त्या रस्त्यावर पंधरा मिनिटांत कुणी पोचलंय? रोजचा पाऊण तास कंटेनरच्या मागे जायचा, आणि तो पाऊण तास अण्णांचा. कुठल्याशा परदेशी फुटबॉल क्लबनं पाच सामन्यांत प्रशिक्षक हाकलला तर इकडे अण्णा लाल व्हायचे. “आरं, कांद्याला सुदिक चार म्हैने द्यावं लागत्यात! पाच मॅचमदी काय उगवतंय?” टेनिसच्या खेळाडूनं थकव्यामुळे माघार घेतली की, “थकला व्हय? ये म्हणावं स्टोअरला, डबल शिफ्टला!”

कबड्डीच्या लीगवर त्यांचा विशेष राग. मॅट, बूट, रंगीत दिवे, सगळ्यालाच निषेध. “मातीला पाय लागंना, ती कसली कबड्डी?” असं म्हणायचे आणि एकही सामना चुकवायचे नाहीत. स्वतः तरुणपणी पंचक्रोशीतल्या यात्रांचे सामने गाजवलेले. गुडघा गेला आणि खेळ सुटला. एका खेळाडूला दुखापत झाल्यावर संघानं सोडून दिल्याची बातमी आली, त्या दिवशी मात्र लाल पेनानं ‘निषेध’ लिहिताना कागद फाटला.

पण सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या क्रिकेटच्या पंचांनी. “नाव मोठं दिसलं की ह्येंचं बोट जड व्हतंय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बस हसायची. मीही हसायचो.

अण्णा नऊ वर्षं स्टोअरमध्ये होते, पण ठेकेदाराकडून. दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ द्यायचा, नव्या ठेकेदाराच्या नावाचं कार्ड गळ्यात घालायचं आणि त्याच माणसानं त्याच रॅकसमोर नव्यानं भरती व्हायचं. या नालायकपणाला कंपनीत ‘पद्धत’ म्हणतात. याचा निषेध अण्णांनी कधी लिहिला नाही. त्यांच्या घरी त्या एका कार्डावर पाच माणसं जेवत होती.

त्या वर्षी कंपनीच्या क्रीडादिनाला कबड्डीची फायनल ऑफिस विरुद्ध रंगकामाचं पेंट शॉप अशी झाली. नियम माहीत असलेला एकच माणूस म्हणून शिट्टी अण्णांकडे आली. रेषेवर पंच म्हणून मला उभं केलं. शेवटची चढाई ऑफिसकडून प्लांटच्या मोठ्या साहेबांची होती. मैदानाच्या कडेला लॉबीची पट्टी असते. कुणाला स्पर्श होण्याआधी चढाईवाल्याचा पाय तिथे पडला की तो बाद. साहेब एका पोराला हूल द्यायला गेले आणि कुणाला हात लागण्याआधीच अख्खा पाय लॉबीत पडला. माझ्यापासून दोन हातांवर. नंतर ते हात वर करून नाचत परत गेले. टाळ्या सुरू झाल्या.

शिट्टी वाजली. “साहेब, बाद.”

“टच झाला होता, अण्णा,” साहेब हसत म्हणाले. पेंट शॉपची पोरंसुद्धा म्हणाली, “झाला होता, झाला होता.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “भावा, तुझ्या म्होरंच व्हतं. टच व्हायच्या आदी पाय कुठं पडला?”

माझं कायम नोकरीचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडलेलं होतं. मी म्हणालो, “मला नाही दिसलं.”

अण्णांनी पुन्हा शिट्टी वाजवली. “बाद म्हंजे बाद.” पेंट शॉप एका गुणानं जिंकलं आणि जिंकल्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

पुढच्या महिन्यात अण्णांना ब्रेक मिळाला. नवं कार्ड मात्र आलं नाही. काम कमी झालंय असं सांगितलं. स्टोअरमध्ये त्याच आठवड्यात दोन नवी माणसं आली. मला चीड आली, अजून येते. साहेबांची येते, ठेकेदाराची येते, टाळ्या पिटणाऱ्या त्या शेपूटघाल्या गर्दीची येते. आणि या सगळ्यांच्या आधी रेषेवर उभ्या असलेल्या त्या भेकडाची येते. त्याचं पत्र सही होऊन आलं.

अण्णा सेफ्टी शूज जमा करायला आले तेव्हा मी त्यांना गेटवर गाठलं. आता पडतील तेवढ्या शिव्या खायच्या, असं ठरवून गेलो होतो.

“अण्णा, मला दिसलं होतं,” मी म्हणालो. “टच न होताच लॉबीत पडला होता पाय.”

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला.

“पडला व्हता ना?” ते म्हणाले. “बरं झालं सांगितलंस. म्हैनाभर झोप न्हाई मला. म्हटलं, आपल्या हातनं चुकीचा बाद दिला का काय.”

मग जुन्या चपला पायात घालून, दुखरा गुडघा सांभाळत ते रस्ता ओलांडून गेले. आमची बस आता कुरुळीला थांबत नाही.