वरच्या खोलीतला आवाज

हैदराबादच्या एका नामांकित मॅनेजमेंट संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हापासून मी रोज सकाळी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मोठ्यानं सराव करायची. स्वतःबद्दल सांगा, एमबीए कशासाठी, तुमच्यात काय कमी आहे. सगळं इंग्रजीत. ऊन चढून पत्रा तापला की दाराला कडी लावून अभ्यासिकेत जायची, ती चारच्या सुमाराला परतायची. वडील दुकानात. घरी अव्वा एकटी. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, घरात ती निम्मं कन्नडच बोलते. मला ते कळतं, पण बोलायला गेले की जीभ अडते.

एक दिवस मी आले तर ती शेंगा फोडत बसली होती. मला दारात बघून दचकली.

"तू कुटनं आलीस? आत्ता तर वर बोलायलीस की."

"अभ्यासिकेतनं येतेय, अव्वा."

"व्हय?" ती जिन्याकडे बघत राहिली.

मला हसू आलं. सकाळचा आवाज तिच्या कानात बसला असेल, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, पुढेही होत राहिलं. वर जाऊन बघितलं, तर कडी मी लावली होती तशीच. आत नुसती कढत हवा.

मग एकदा ती म्हणाली, "आज इंग्रजी न्हवतं. कन्नडात बोलत होतीस. लई चांगलं बोललीस."

"काय बोलले?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "कुणाला तरी सांगत होतीस की, माझ्या आईला विचारलं तर ती न्हाय म्हणायची न्हाय. म्हणून तिला विचारू नका. केळब्याड्री, केळब्याड्री, विचारू नका म्हणून सारखं तेच."

त्या दिवसापासून मी वर जायचं सोडलं, सराव अंगणात करू लागले. तरी एका दुपारी, मी तिच्या शेजारीच बसलेली असताना, तिनं मान वर केली.

"आता थांबलीस बघ," ती म्हणाली.

माझ्याकडे न बघता.

हैदराबादला मुलाखत घ्यायला तिघं होते. पाठ केलेले प्रश्न सरले. मग मधल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही एकुलत्या एक. इतक्या लांब यायला घरचे तयार आहेत?" याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ते दिलं, अगदी शांतपणे. बाजूचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मला कन्नड येतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्या आईला आम्ही काही विचारणार नाही."

मी इंग्रजीतच बोलले होते. आजही मला तसंच आठवतं.

निवड झाली. वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले. अव्वानं देवापुढं दिवा लावला आणि मुलाखतीत काय काय विचारलं ते ऐकायला माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून. शेवटी न राहवून विचारलं, "अव्वा, वरचा आवाज अजून येतो का गं?"

"न्हाय. तू हैदराबादला गेलीस तवापासून बंद हाय." ती पदराशी चाळा करत राहिली. "दुपारची सोबत होती गं."

कधी जायचं, हे तिनं विचारलं नाही. मीही त्या संध्याकाळी सांगितलं नाही.